हर्डीकर बाईंची दहा रुपयांची पैज

तारीख सोळा ऑगस्ट, शुक्रवार. रक्कम दहा रुपये. हजर तिघे : हर्डीकर बाई, त्यांचे कॅन्सरचे डॉक्टर मुळे आणि मी. मी हजर असण्याचं कारण एवढंच, की बाईंना त्या दिवशी दवाखान्यात मी गाडीतून नेलं होतं. त्यांचा भाचा अमेय विश्रांतवाडीला राहतो. वारज्याला येऊन मावशीला घ्यायचं आणि पुन्हा पोचवायचं म्हणजे त्याची रजा जाते. माझं घर बाईंच्या बरोबर वरच्या मजल्यावर.

डॉक्टरांनी स्कॅन पडद्यावर लावला. डाव्या फुफ्फुसातली गाठ बरीच आटली होती, ते त्यांनी आधी सांगितलं. मग उजव्या फुफ्फुसाच्या टोकाशी पेन नेलं. तिथे मागच्या वेळी नसलेला एक पांढुरका ढग होता.

"इकडे पसरलाय असं दिसतंय, मॅडम. हे औषध थांबवून आता केमोकडे जावं लागेल."

"असं दिसतंय, की असं आहे?" बाईंनी विचारलं.

"बहुतेक असंच आहे."

"मग बहुतेकच्या बाहेर जे उरतं त्यावर मी दहा रुपये लावते. हा कॅन्सर नाही. हा माझा जुना टीबी आहे. उठलाय."

डॉक्टर तरुण होते, चाळिशीच्या आतले. त्यांना हसावं की नाही कळेना. "मॅडम, पेशंटशी पैज लावायची पद्धत नाही आमच्यात."

"विद्यार्थ्यांशी लावायची माझी आहे. हरायची भीती वाटत असेल तर राहू दे."

बाहेर पेशंट ताटकळले होते. डॉक्टरांनी ड्रॉवरमधून दहाचं नाणं काढलं. बाईंनी पर्समधून दहाची नोट काढली आणि दोन्ही माझ्या हातात दिलं. "कदम, तुम्ही सोसायटीचे खजिनदार. ठेवा." मी पैसे पाकिटाच्या वेगळ्या कप्प्यात ठेवले. मला पैज आवडली नव्हती. जे पणाला लागलं होतं ते दहा रुपयांपेक्षा फार मोठं होतं आणि ते तिथे बसलेल्या तिघांनाही माहीत होतं.

हर्डीकर बाईंनी आयुष्यभर सदाशिव पेठेतल्या एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलं. निवृत्तीनंतर पेठेतली भाड्याची जागा सोडून त्या वारज्याला आमच्या सोसायटीत तळमजल्यावर आल्या. अविवाहित. बुटक्या, ताठ, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा. बोलणं कमी, आणि जे असायचं ते समोरच्याला दोन दिवस पुरायचं.

"नाही" हा शब्द त्या सहसा वापरत नसत. कुरियरवाला येऊन गेला का, असं विचारलं तर म्हणत, "मला दिसला नाही." पाणी आलं का? "माझ्या नळाला आलेलं दिसलं नाही." नव्या माणसाला हा तिरकसपणा वाटायचा. तो थोडा होताही. पण मुळात ती कामाची सवय होती. टीबीच्या संशयिताची थुंकी काचेवर पसरून, रंगवून, सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची असते. काच थोडी थोडी सरकवत शंभर वेगवेगळ्या जागा पाहिल्याशिवाय 'सापडले नाहीत' असं लिहायचं नाही, हा नियम. दहा-वीस जागा पाहून 'जंतू नाहीत' असं लिहून कॅन्टीन गाठणाऱ्या विद्यार्थ्याला त्या परत बोलावत आणि म्हणत, "त्यांनी तुम्हाला कळवलं का, नाही म्हणून?" मग पैज लावत. मुलगा उरलेल्या जागा पाही, आणि बऱ्याचदा दहा रुपये देऊन जाई.

त्यांचं दुसरं वाक्य सोसायटीत जास्त प्रसिद्ध होतं. आमच्या जिन्यातल्या भिंतीला ओल होती. सभेत ठराव झाला, कंत्राटदार आला, त्यानं प्लास्टर केलं, वर रंग मारला आणि दिवाळीच्या आधी बिल घेऊन उभा राहिला. "ओल गेली, साहेब. गॅरंटी."

बाई भाजी घेऊन येत होत्या. त्यांनी पिशवी खाली ठेवली, भिंतीवर तळहात टेकवला, आणि विचारलं, "गेली, की गप्प बसली?"

"गेली, मॅडम. बघा ना, कोरडी ठाक आहे."

"कोरडी आहे ते कळतंय. मी वेगळं विचारलं."

मी बिल चुकतं केलं. पुढच्या पावसाळ्यात ती जागा कोरडीच राहिली आणि ओल एक मजला वर, माझ्या दाराशेजारी उगवली. बाईंनी मला एका शब्दानं टोकलं नाही. फक्त तेव्हापासून जाता-येता भिंतीवर हात टेकवायची सवय त्यांनी लावून घेतली, आणि ते मला टोकल्यासारखंच होतं.

पण मी त्यांना खरं ओळखायला लागलो ते माझ्या पत्नीच्या, मीनाच्या आजारपणात. तिच्या मानेवर गाठ आली. तपासणीत टीबी निघाला. त्याच सुमारास माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नाचं जमवणं चाललं होतं. आईनं घरात बजावलं, हा शब्द उच्चारायचा नाही. गोळ्यांच्या पट्ट्या तिनं शेवयांच्या डब्यात तळाशी लपवल्या. पाहुणे आले की त्या दिवशीची गोळी राहून जायची, कारण सगळ्यांसमोर डबा काढणार कसा? दोन महिन्यांत मीनाची गाठ बसली, वजन वाढलं. आई म्हणाली, आता बास, उष्ण पडतात गोळ्या.

हे बाईंना कसं कळलं ते मला आजही माहीत नाही. बहुधा मीनानंच सांगितलं. एका सकाळी त्या स्वतःचा पाण्याचा पेला घेऊन वर आल्या आणि स्वयंपाकघरात स्टुलावर बसल्या.

"आजी, तुम्ही पेठेत राहिलात ना?" त्यांनी आईला विचारलं.

"लग्नाआधी. भिकारदास मारुतीपाशी."

"मग जुना भाडेकरू तुम्हाला माहीत असेल. हा जंतू तसा आहे. आपल्या रक्तात काही पेशी असतात, त्यांचं कामच जंतू गिळायचं. गिळला की त्याच्यावर आम्लाची पिशवी ओतायची, संपला. हा आनंदानं गिळू देतो स्वतःला. मग आत बसून ती पिशवी जवळ येऊच देत नाही. ज्यानं मारायचं त्याच्याच पोटात बिऱ्हाड थाटतो."

"अगबाई."

"शरीराला त्याला काढता येत नाही. मग ते भोवती भिंत बांधतं आणि म्हणतं, राहा बाबा, पण बाहेर येऊ नकोस. तो राहतो. भांडत नाही, आवाज करत नाही. चाळीस-चाळीस वर्षं. सुनेची गाठ बसली म्हणजे भाडेकरूनं दिवे मालवलेत. खोली सोडलेली नाही."

"मग या गोळ्या करतात काय?" आईनं विचारलं.

"जे जागे असतात ते लवकर मरतात, म्हणून बरं वाटतं. झोपलेले असतात ते मरायला वेळ लागतो. त्यासाठी पुढचे महिने."

आई गप्प झाली. पण बाईंचा गप्प बसण्यावर विश्वास नव्हताच. कोर्स संपेपर्यंत रोज सकाळी त्या पेला घेऊन वर आल्या. मीनानं गोळ्या घेतल्या की म्हणत, "जीभ दाखव." मीना जीभ दाखवी. मग बाई खाली जात. घरात आलेल्या स्थळाच्या मंडळींनी एकदा विचारलं, या कोण? आई म्हणाली, "खालच्या बाई. सकाळी पाणी प्यायला येतात." बहिणीचं लग्न जमलं. ते याच मंडळींकडे.

त्या दिवसांत एकदा बाईंनी स्वतःचं सांगितलं. त्या नऊ वर्षांच्या असताना त्यांना वाईला मामाकडे ठेवलं होतं. रोज एक कंपाउंडर इंजेक्शन द्यायला यायचा. अंगावर मांस दिसायला लागलं तशी इंजेक्शनं थांबली. पुढे नोकरीला लागताना एक्स-रे काढला, तर उजव्या फुफ्फुसाच्या टोकाशी चुन्यासारखा पांढरा ठिपका. आईला विचारलं तर आई म्हणाली, "तुला अशक्तपणा होता."

"आमच्याकडे क्षयाला अशक्तपणा म्हणत," बाई म्हणाल्या. "माझा भाडेकरू अजून आहे. अधूनमधून मी त्याची आठवण काढते."

कॅन्सर त्यांना सत्तरी ओलांडल्यावर झाला, डाव्या फुफ्फुसात. ऑपरेशन होण्यासारखं नव्हतं. डॉक्टर मुळ्यांनी शरीराच्या प्रतिकारशक्तीवर काम करणारं नवं औषध सुरू केलं. दर तीन आठवड्यांनी सलाइनमधून द्यायचं. बाईंनी पहिल्याच भेटीत उजव्या बाजूचा ठिपका दाखवून ठेवला होता. डॉक्टरांनी तो नोंदवला आणि जुना, बरा झालेला, असं म्हटलं. "बरा झालेला दिसणारा," बाई म्हणाल्या. डॉक्टरांनी दुरुस्ती केली की नाही ते मी पाहिलं नाही.

समाचाराला येणाऱ्यांची रीघ लागली. पार्किंगमधल्या बाकावर बाई संध्याकाळी बसत, तिथेच लोक गाठत. शेजारच्या इमारतीतल्या साठे वहिनी गुळवेलीचा काढा बाटलीत भरून घेऊन आल्या.

"बाई, प्रतिकारशक्ती वाढवायला हवी."

"किती वाढवू?"

"म्हणजे, जितकी वाढेल तितकी."

"साठे, माझी प्रतिकारशक्ती धडधाकट आहे. ती रोज त्या गाठीपर्यंत जाते. इन्स्पेक्टर जातो ना तपासणीला, तशी. दारात कॅन्सरची पेशी उभी असते. चेहरा घरचा, आडनाव घरचं. जे काही वेगळं असेल ते झाकून ठेवलेलं. वर ती इन्स्पेक्टरच्या खांद्यावर हात ठेवते आणि म्हणते, साहेब, आपण घरचेच, बसा. तो बसतो. गाठ वाढते."

"लाच देते म्हणा ना."

"लाच नाही. खांद्यावर हात ठेवला की थांबायचं, हा नियम शरीरानंच घालून दिलाय. नाहीतर हे इन्स्पेक्टर उत्साहाच्या भरात आपलंच घर पाडतील. कॅन्सर तो नियम वापरतो. हे औषध तो हात खांद्यावर पडू देत नाही, एवढंच. दहा इन्स्पेक्टर वाढवून काय उपयोग? दहाही बसतील."

साठे वहिनी विचारात पडल्या. "मग काढ्याचं काय करू?"

"तुम्ही घ्या. उकळलाच आहे तर."

आता मी पुन्हा त्या शुक्रवारकडे येतो. पैजेचे पैसे माझ्याकडे दिल्यावर बाईंनी डॉक्टरांना आपली बाजू सांगितली. औषधानं खांद्यावरचा हात काढला तो सगळीकडचाच. डाव्या बाजूला इन्स्पेक्टर कामाला लागले, ते बरं झालं. पण उजव्या बाजूला भिंतीच्या आत भाडेकरू आणि बाहेर पहारा, असा साठ वर्षांचा समझोता होता. तिथल्या पहारेकऱ्यांच्या खांद्यावरचाही हात सुटला. त्यांनी एवढा जोर केला की भिंतच पडली आणि भाडेकरू रस्त्यावर आला.

डॉक्टरांनी नीट ऐकून घेतलं. "या औषधानंतर टीबी उठल्याचं मी वाचलंय, मॅडम. पण फार क्वचित."

"क्वचित म्हणजे होतं."

थुंकी तपासायला गेली. चार दिवसांनी डॉक्टरांचा फोन आला, तेव्हा अमेय आणि मी बाईंच्या घरीच होतो. फोन स्पीकरवर होता.

"टीबी नाही, मॅडम."

"नाही, की दिसला नाही?"

"दिसला नाही."

"मग दुर्बीण घाला आणि त्या ढगातलंच पाणी काढा."

अमेय चिडला. तो एरवी शांत मुलगा आहे, संगणकाच्या कंपनीत काम करतो. "मावशी, ही काय प्रॅक्टिकलची परीक्षा आहे का? तुझं वय काय, तुझी छाती काय. एकेक आठवडा जातोय. पसरला असेल तर? तुझ्या दहा रुपयांपायी?"

"पैज हरले तर दहा रुपये जातील," बाई म्हणाल्या. "न बघता केमो घेतली आणि आत टीबी असला, तर मी जाईन. हिशेब कदमांना विचार."

अमेयनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "हिशेब बरोबर आहे. पण आठवडे जातायत हेही बरोबर आहे." अमेय उठून गॅलरीत गेला आणि बराच वेळ आत आला नाही.

दुर्बिणीच्या तपासणीला पुन्हा मीच नेलं, कारण अमेय थेट दवाखान्यात येणार होता. वारज्याच्या पुलाखाली आम्ही सिग्नलला अडकलो. बाई पट्टा दोन्ही हातांनी धरून बसल्या होत्या.

"कदम," त्या म्हणाल्या, "मी चुकत असेन."

"तुम्ही?"

"तो टीबी असावा असं मला वाटतंय. म्हणजे माझी तशी इच्छा आहे. टीबी बरा होतो. इच्छा असली की डोळ्यांना नको ते दिसतं. मुलांना मी हेच सांगायचे. आता सांगायला कोणी नाही, म्हणून तुम्हाला सांगितलं."

सिग्नल सुटला. मागचे लोक हॉर्न वाजवायला लागले. मी गाडी पुढे घेतली.

त्या पाण्यात टीबीचे जंतू सापडले. चिमट्यानं काढलेल्या तुकड्यात कॅन्सरची पेशी दिसली नाही. डॉक्टर मुळ्यांनी स्वतः फोन केला आणि म्हणाले, "मॅडम, तुम्ही जिंकलात. पैसे कदमांकडून घ्या."

"पैसे कदमांकडेच राहू देत. आत्ता नुसता सापडलाय. कोर्स संपल्यावर बघू."

कॅन्सरचं औषध थांबवलं आणि टीबीचं सुरू केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मीना पाण्याचा पेला घेऊन खाली गेली. मी जिन्यातून कामाला निघालो होतो, दार उघडं होतं. मीनाचा आवाज ऐकू आला, "बाई, जीभ दाखवा." बाईंचं उत्तर ऐकू आलं नाही. अर्थात जीभ बाहेर असताना ते शक्य नव्हतं. हे रोज चाललं. दिवाळीला आम्ही चार दिवस गावी गेलो, तेव्हा मीनानं ते काम साठे वहिनींवर सोपवलं. त्यांनी ते काढा न नेता केलं.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात कोर्स संपला. उजवीकडचा ढग जाऊन पुन्हा जुना चुन्याचा ठिपका राहिला होता. कॅन्सरचं औषध मधले सहा महिने बंद असूनही डावीकडे गाठ वाढली नव्हती. उलट स्कॅनमध्ये तिथे फक्त एक रेघ होती. दवाखान्यात डॉक्टरांसमोरच मी पाकिटातून नोट आणि नाणं काढून बाईंना दिलं. त्यांनी नोट पर्समध्ये ठेवली. नाणं हातात ठेवलं.

"डावीकडचं काय म्हणता?" त्यांनी डॉक्टरांना विचारलं.

डॉक्टर आता सावध झाले होते. "काही दिसत नाही."

"गेला, की गप्प बसला?"

"मला वाटतं, गेला."

"मी म्हणते गप्प बसलाय. मुदत दोन वर्षं." त्यांनी नाणं माझ्यापुढे धरलं. डॉक्टरांनी खिशातून दहाची नोट काढली आणि या वेळी काही न बोलता दिली. निघताना ते दारापर्यंत आले आणि म्हणाले, "मॅडम, ही तुम्ही हरावी अशी माझी इच्छा आहे."

"माझीही आहे," बाई म्हणाल्या. "म्हणूनच उलट बाजूनं लावली. इच्छेचा भरवसा नसतो."

त्यानंतर दर तीन महिन्यांनी स्कॅन. दर वेळी तीच रेघ. बाई पुन्हा भाजीला जायला लागल्या. सोसायटीच्या सभेत गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा विषय निघाला की कंत्राटदाराला बाईंच्या समोर उभं करायचं, असं आमच्यात ठरून गेलं होतं.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते पुढच्या वर्षीच्या जून अखेरीला, एका सकाळी. मी कामाला निघालो होतो. रात्रभर पाऊस पडून गेला होता. बाई पहिल्या मजल्यावर, माझ्या दाराशेजारच्या भिंतीपाशी उभ्या होत्या. एक मजला चढून आल्यानं धाप लागली होती. तळहात भिंतीवर होता, डोळे मिटलेले.

"काय म्हणते?" मी विचारलं.

"कोरडी आहे," त्या म्हणाल्या. मग हात न काढता म्हणाल्या, "आज." मी पुढे झालो. खालच्या वळणावरून वर पाहिलं तेव्हा त्या हात थोडा थोडा सरकवत भिंतीच्या दुसऱ्या कोपऱ्याकडे निघाल्या होत्या.

त्याच दिवशी दुपारी झोपेत त्यांचं हृदय थांबलं. कॅन्सरचा संबंध नव्हता, टीबीचाही नव्हता. अमेयनं डॉक्टर मुळ्यांना कळवलं. ते दहाव्या दिवशी वारज्याला आले, अमेयशी बोलले आणि मग वर माझ्याकडे आले. मीनानं चहा ठेवला. मी पाकिटातून नाणं आणि नोट काढून टीपॉयवर ठेवली.

"जूनच्या सुरुवातीच्या स्कॅनमध्ये काही नव्हतं," मी म्हणालो. "म्हणजे तुम्ही जिंकलात. दोन्ही तुमचे."

डॉक्टरांनी पैशांकडे पाहिलं. "काही दिसलं नव्हतं," ते म्हणाले. "आणि दोन वर्षं झाली नव्हती."

"मग बाई जिंकल्या का?"

"तसंही म्हणता येत नाही."

पैज सुटली नाही. ज्याची रक्कम त्याला परत, हा सरळ मार्ग होता. दहाची नोट मी डॉक्टर मुळ्यांना दिली. दहाचं नाणं खाली जाऊन अमेयच्या हातावर ठेवलं.